दोन उजवी पायडले

वीरभद्रप्पांच्या सायकलीचे डावे पायडल ज्या सकाळी निखळून रस्त्यावर पडले, त्या सकाळपासून वीरभद्रप्पांनी घराबाहेर पाऊल टाकले नव्हते. सायकल विलायती होती, त्यांच्या तरुणपणी घेतलेली, आणि तिच्यावरून रोज सिद्धेश्वराच्या दर्शनाला जाण्याचा त्यांचा नेम ना तापाने कधी मोडला होता, ना पावसाने. आता ते जुळे सोलापुरातील आपल्या घराच्या गॅलरीत बसून खाली उभ्या असलेल्या सायकलीकडे पाहत असत आणि ताटावरून निम्म्यातच उठत. रिक्षाचे नाव काढले की तोंड फिरवीत. कोपऱ्यावरच्या जोतिराम सायकलवाल्याने देशी पायडलांची जोडी दहा मिनिटांत बसवून देण्याची तयारी दोनदा दाखवली होती. पण वीरभद्रप्पांचे उत्तर ठरलेले होते.

"विलायती सायकलीला हितलं पायडल? मग मलाबी दुसऱ्या कुणाचा तरी पाय बसव की."

पुढच्या महिन्यात त्यांना ऐंशी वर्षे पूर्ण व्हायची होती. त्या दिवशी तरी अप्पांनी आपल्या सायकलीवरून देवळात जावे, एवढी एकच इच्छा धरून त्यांचा मुलगा गुरुशांत याने इंग्लंडमधील एका दुकानातून जुन्या घडणीच्या पायडलांची जोडी ऑनलाइन मागवली. गुरुशांतची सारी नोकरी सरकारी पत्रांचे मसुदे करण्यात गेली होती; त्यामुळे मागणी नोंदवतानाही त्याने सायकलीचे वर्णन असे केले की दुकानदाराला ती डोळे मिटून ओळखता यावी.

पार्सल आले तेव्हा तो कचेरीत होता. या घरात मिक्सरपासून मोबाइलपर्यंत कोणतीही नवी वस्तू विभूती लावल्यावाचून वापरात येत नसे, आणि तो अधिकार नागव्वांचा, म्हणजे गुरुशांतच्या आईचा होता. त्यांनी पायडले देव्हाऱ्यासमोर पाटावर मांडली, दोहोंवर विभूतीची तीन तीन बोटे ओढली, हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला आणि त्याचे पाणी वरून सोडले. गुरुशांत घरी येईपर्यंत ते कुंकू ओघळून पायडलांच्या रबरात मुरले होते.

जोतिरामने ती हातात घेऊन आलटूनपालटून पाहिली, सायकलीला लावून पाहिली, आणि खाली ठेवली.

"साहेब, दोनी उजवीच धाडल्यात की. डाव्या पायडलाचे आटे उलटे असत्यात. ही डावीकडं जन्मात बसायची न्हाईत."

"पण जोडी मागवली होती मी."

"मग अप्पांस्नी इचारा, दोन पाय उजवे हायत का."

पायडले पुन्हा देव्हाऱ्यात गेली आणि गुरुशांतने तक्रार लिहिली. दुकानाने दुसऱ्याच दिवशी दोन गोष्टी विचारल्या: दोन्ही पायडलांची छायाचित्रे पाठवाल काय, आणि चालकास काही त्रास झाला आहे काय. गुरुशांतने पांढऱ्या चादरीवर पायडले ठेवून चारही बाजूंनी छायाचित्रे काढली. पूजेचे कुंकू पुसणे त्याला बरे वाटेना, आणि पुराव्यात फेरफार करणे तर मुळीच रुचेना. दुसऱ्या प्रश्नाला त्याने सत्य तेच उत्तर दिले. चालक एकोणऐंशी वर्षांचे असून, भर रस्त्यात डावे पायडल निखळल्यापासून ते घराबाहेर पडलेले नाहीत, पुरेसे जेवत नाहीत आणि फारसे बोलतही नाहीत. निखळलेले पायडल जुने होते, हे सांगण्याची गरज त्याला भासली नाही, कारण मूळ मागणीत ते स्पष्टच लिहिले होते.

तीन तासांत दुकानाच्या मालकीणबाईंचे पत्र आले. त्यांचे नाव हॅरिएट. छायाचित्रे पाहून त्यांच्याकडील सर्व जण सुन्न झाले होते. त्या जातीच्या पायडलांची विक्री तत्काळ थांबवण्यात आली होती, आणि ती विकत घेतलेल्या प्रत्येक ग्राहकास सायकलीला हात न लावण्याविषयी कळवण्यात आले होते. वडील कोणत्या रुग्णालयात आहेत, आणि शुद्धीवर आहेत काय, असे त्यांनी विचारले होते.

गुरुशांतने पत्र दोनदा वाचले. त्याची बायको राजेश्वरी हिने त्याच्या हातातून फोन घेऊन एक छायाचित्र बोटांनी मोठे केले.

"अहो, हे रक्तच दिसतंय."

"कुंकू आहे ते."

"मला ठाऊक आहे. त्या बाईला कसं ठाऊक असणार?"

विभूतीचे पट्टे डांबरावर घासटल्यासारखे दिसत होते. चादरीच्या कोपऱ्यात खोबऱ्याचा एक पांढरा तुकडा पडला होता. त्याविषयी हॅरिएटबाईंनी काय समजूत करून घेतली असेल, हा विचार गुरुशांतने अर्ध्यावरच सोडून दिला.

नागव्वांना हा प्रकार समजावून सांगितला, तेव्हा त्यांनी आधी कुंकवाचा करंडा उघडून पाहिला. मग म्हणाल्या, "माझ्या हातच्या कुंकवाला रगत म्हनती व्हय ती?" गॅलरीतून वीरभद्रप्पांनी मान वळवली.

"मी गेलो म्हनून कळवलंस का रं?"

"नाही अप्पा. जेवत नाही, एवढंच कळवलं."

"मग ते खरं हाय," असे म्हणून ते पुन्हा सायकलीकडे पाहू लागले.

गुरुशांतने रजा टाकून खुलासा लिहिला. त्याची सतरा कलमे झाली. चालक हयात आहेत. तांबडा पदार्थ रक्त नव्हे. पूजा कशाला म्हणतात. नारळ का फोडतात. निखळलेले पायडल कोणते. सोबत, निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यावा त्या गांभीर्याने, त्या दिवशीचे वर्तमानपत्र हातात धरलेल्या अप्पांचे छायाचित्र जोडले. हॅरिएटबाईंचे उत्तर चार ओळींचे होते. खुलासा वाचून सगळे दुकान आधी रडले आणि मग हसले. डावे पायडल सर्वांत जलद मार्गाने निघत आहे. जास्तीचे उजवे परत पाठवू नये.

नवे पार्सल वाढदिवसाच्या आदल्या दिवशी दुपारी पोचले. या वेळी गुरुशांतने कुंकवाचा करंडा आधी कपाटात ठेवला आणि मगच खोके उघडले. आत डावेच पायडल होते. त्याच्या मधोमध कुंकवाचा ठसठशीत टिळा होता आणि टिळ्यावर तांदळाचे दाणे चिकटले होते. सोबतच्या चिठ्ठीत हॅरिएटबाईंनी लिहिले होते की, तुमच्या रीतीवाचून वस्तू पाठवणे प्रशस्त वाटले नाही, म्हणून शेजारच्या भारतीय वाणसामानाच्या दुकानात विचारून सारे काही यथासांग केले आहे. चिठ्ठीला जोडलेल्या छायाचित्रात टेबलावर पायडल होते, शेजारी फोडलेला नारळ होता आणि भोवती सात इंग्रज माणसे हात जोडून उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोतिरामने दोन्ही पायडले बसवली. इमारतीतील मंडळी खाली जमली. वीरभद्रप्पा शुभ्र धोतर नेसून आले, त्यांनी हँडल धरले, पायडलाकडे पाऊल उचलले आणि तसेच थांबले. मग पाऊल जमिनीवर ठेवले.

"ह्याच्यावर पाय ठेवू म्हनतोस?"

"अप्पा, पायडल पाय ठेवायलाच असतं."

"उजव्यापुढं तुझ्या आईनं नारळ फोडलाय. इतके दिस देवाशेजारी हुतं ते. डाव्यापुढं तिकडं सात मानसं हात जोडून हुबी ऱ्हायलीत. आन् मी त्याच्यावर चप्पल ठेवू? आजच्या दिवशी?"

गुरुशांतला वाद अर्धवट सोडण्याची सवय नव्हती. "अव्वा मिक्सरलाही विभूती लावते. तरी आपण त्यात चटणी वाटतोच ना?"

"चटनी पायानं वाटतोस व्हय?"

जोतिराम दुकानाकडे गेला आणि देशी पायडलांची जोडी घेऊन आला. पायडले बदलायला त्याला सात मिनिटे लागली. वीरभद्रप्पांनी टांग टाकली, घंटी वाजवली आणि हितल्या पायडलांना पाय मारीत ते वळणापलीकडे दिसेनासे झाले. दोन हातांत दोन पायडले घेऊन गुरुशांत रिकाम्या रस्त्याकडे पाहत राहिला. नागव्वांनी ती त्याच्या हातातून हळूच काढून घेतली, कपाळाला लावली आणि वर नेली.

महिन्याभराने दुकानाने अभिप्राय मागितला. देव्हाऱ्यातील तिन्ही पायडलांवर त्या वेळी ताजी फुले होती. गुरुशांतने पुष्कळ विचार केला, आठ मसुदे फाडले आणि अखेर आपल्या हयातीतील पहिले एका वाक्याचे पत्र लिहिले: नित्यनेमात असूनही ही पायडले आजवर तिळमात्र झिजलेली नाहीत.

दुकानाने ते वाक्य जाहिरातीत छापण्याची परवानगी मागितली आहे.