देसांकाच्या सरपणाचा दावा

"दावा कसा लिहायचा हे मला शिकवणार? तीस वर्षं कोर्टात टाइप केलंय मी! त्या प्राध्यापकानं जेवढे पाव खाल्ले नसतील, तेवढे दावे या बोटांखालून गेलेत!"

असं म्हणून मिलुंकानं चष्मा पुसला. वय एकसष्ट, गुडघे त्याहून म्हातारे. निवृत्त झाल्यावर तिनं कायद्याच्या पदवीला नाव घातलं. चार वर्षांचा अभ्यासक्रम सातव्या वर्षी शेवटच्या विषयापाशी हट्टी गाढवासारखा बसला होता. दिवाणी प्रक्रिया! दोनदा नापास. आता फक्त प्रकल्प उरला होता, एक नमुन्याचा दावा. तो शुक्रवारी बाराच्या आत विद्यापीठात पोचला नाही, तर पदवी आणखी एक वर्ष लांब.

खोट्या नावांनी दाव्यात जीव येईना. म्हणून तिनं शेजारच्या देसांकालाच प्रतिवादी केलं. देसांका तिची कुमा, म्हणजे लेकीची धर्ममाता म्हणून बाप्तिस्म्याला उभी राहिलेली, बहिणीहून जवळची. तिचं हिवाळ्याचं सरपण दर सप्टेंबरात मिलुंकाच्या फाटकासमोर पंधरा-पंधरा दिवस पडून असायचं. तीस वर्षं मिलुंका गप्प होती. ते सगळं तिनं चार पानांत ओकून टाकलं!

शुक्रवारी नेमका गुडघा सुजला. तिनं नवऱ्याला हाक मारली. "अहो, हे कागद बाराच्या आत देऊन या."

"कुठे?"

"वरच लिहिलंय की!"

विद्यापीठाचं मुखपृष्ठ लावायला ती विसरली होती. वर होतं ते दाव्याचं पहिलं पान, आणि त्यावर, कुठल्याही दाव्यावर असतं तसं, न्यायालयाचं नाव. बायकोचे विसरलेले कागद वितोमिर तीस वर्षं तिथंच पोचवत आला होता. पाय आपसूक तिकडे वळले. शिक्का मारलेली पोच खिशात घालून तो घरी आला आणि झोपला.

पंधरा दिवसांनी फाटक धाडकन उघडलं. देसांकाच्या हातात समन्स होतं.

"मिलुंके! माझ्या हातच्या भरल्या मिरच्या खाऊन माझ्यावरच दावा?"

"अगं कुमे, तो अभ्यास होता!"

"मग मीपण केलाय अभ्यास! हे घे उत्तर. तुझा कुत्रा, तुझं धुणं, तुझ्या नवऱ्याचं घोरणं, सगळं तारीखवार लिहिलंय!"

मिलुंकानं आधी वितोमिरचा खिसा तपासला, मग दावा मागे घेतला, आणि सगळे कागद काखेत मारून लंगडत प्राध्यापकांकडे गेली.

"सर, उशीर झालेला नाही. हा बघा शिक्का, शुक्रवार, साडेअकरा!"

प्राध्यापकांनी गार कॉफीचा घोट घेतला. सकाळपासूनचा हा विसावा प्रकल्प. "बरं. वेळेत दिलात असं धरतो."

मिलुंकाचा जीव भांड्यात पडला.

"पण मिलुंकाबाई, असा दावा अडथळा कळल्यापासून तीस दिवसांत करायचा असतो. तुम्ही तर लिहिलंय, तीस वर्षं!"

हे वाक्य मिलुंकानं हजार वेळा टाइप केलं होतं. वाचलं कधी नव्हतं.

"पाच," प्राध्यापक म्हणाले. पाच म्हणजे नापास. मग त्यांनी देसांकाचे कागद उचलले आणि ते प्रथमच खुर्चीत सरळ बसले. "हे कोणी लिहिलंय? पहिलंच वाक्य बघा! 'तीस वर्षं झोपली होतीस काय?' मुदतीचा बचाव इतक्या थोडक्यात मलाही शिकवता येत नाही. कितव्या वर्षाला आहेत या बाई?"

ऑक्टोबरात मिलुंका पुन्हा वर्गातल्या त्याच बाकावर गुडघा चोळत बसली होती. शेजारी कोणीतरी दणकन दप्तर आपटलं.

"सरक जरा, मिलुंके," देसांका म्हणाली. "वाट अडवून बसलीयस!"