हॉलचा रेट आणि चुलीमागची भिंत

मी फक्त एवढंच ठरवलं होतं, की चुलीमागच्या भिंतीचं जुनं प्लास्टर पाडायचं आणि नवं चढवून पाहायचं. एकच भिंत. जेवणाच्या वेळेपर्यंत उरकेल, असा माझा हिशेब होता. (माझे हिशेब ज्यांना ठाऊक आहेत, ते इथेच हसायला लागले असतील.) शेवंता, म्हणजे माझी बायको, घरीच होती. तिला विचारलं नाही, इतकंच.

झालं असं, की उभी हयात मी रायपुरात ठेकेदाराच्या हाताखाली प्लास्टर केलं. रेट तो ठरवायचा, भिंत मी सरळ करायचो. केस पांढरे झाले तशी त्याने माझ्या हातातली थापी काढून घेतली आणि मला माल कालवायला बसवलं. मी काही बोललो नाही. (मी बोलायला सुरुवात करतो, तोवर समोरचा माणूस घरी पोचलेला असतो.) पण दुसऱ्या दिवसापासून गेलोच नाही. आता आपलं काम आपणच घ्यायचं, असं ठरवलं.

कामं मिळायला लागली, पण रेट सांगायची वेळ आली की माझं अवघड व्हायचं. समोरच्या माणसाचं तोंड पाहिलं, की त्याच्या मुलीचं लग्न, आईचं दुखणं, घराचा हप्ता, सगळं मला दिसायला लागतं आणि तोंडातला आकडा आपोआप लहान होतो. गुढियारीतल्या एका म्हातारीची खोली केली, तेव्हा रेती माझी, सिमेंट माझं, आणि वरून तिच्या दाराला नवी कडीही मीच बसवून आलो. शेवंताने विचारलं, "तुमी धंदा करून राहिले का दान देऊन राहिले?" मी विचार करून उत्तर देणार होतो. तोवर तिचा स्वयंपाक झाला होता.

अशात श्यामकांतभाऊंचा निरोप आला. उरला या कारखान्यांच्या भागात त्यांचे ट्रक चालतात आणि जवळच्या बीरगावात ते लग्नाचा हॉल बांधत होते. आतून-बाहेरून सगळं प्लास्टर करायचं होतं. रेट ऐकायला संध्याकाळी घरीच येतो म्हणाले. हे काम मिळालं तर मी माझा मालक, आणि हुकलं तर डोक्यावर घमेलं घेऊन पुन्हा ठेकेदाराच्या दारात. पण एवढ्या मोठ्या कामाचा रेट काढतात कसा, ते मला कुणी शिकवलंच नव्हतं. म्हणून विचार केला, एका भिंतीला काय काय लागतं ते घरीच पाहू आणि मग त्याला हॉलने गुणू.

छिन्नी लावली. पहिल्या ठोक्याला प्लास्टरचा पोपडा सुटला आणि थेट चुलीवर शिजणाऱ्या वरणाच्या गंजात पडला. पुढच्या ठोक्याला वीट हलली. त्यानंतरच्या ठोक्याला ती पलीकडे निघून गेली.

आमची ती भिंत आमची एकट्याची नाही. शेजारच्या गुलाबरावांची आणि आमची मिळून एकच आहे. हे मला कायम ठाऊक होतं, फक्त त्या वेळी आठवलं नाही. भोकातून गुलाबराव दिसले. रेल्वेच्या मालधक्क्यावरून रिटायर झालेला शांत माणूस. दाढी करत होते. एका गालावर साबण होता, दुसऱ्यावर धूळ, आणि समोर जिथे त्यांचा आरसा असायचा, तिथे आता मी होतो.

"काहून गा दयाराम," ते म्हणाले, "आमचा दरवाजा बंद होता काय?"

आवाज ऐकून शेवंता आत आली. तिने वरणाकडे पाहिलं, भोकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलंच नाही. पदर खोचला आणि भांडी अंगणात न्यायला लागली.

ती वीट परत बसवायला गेलो तर शेजारची सैल झाली. ती काढली तर वरची खाली आली. भोकाची खिडकी झाली. गुलाबरावांनी पलीकडे खुर्चीच मांडली, टीव्हीपेक्षा हे बरं आहे म्हणाले. शेवंताने मलबा उचलून गल्लीच्या टोकाला टाकला, पिठाचे डबे झाकले, नळावरून पाणी आणलं, मी उंचावर चढलो तर स्टूल धरून उभी राहिली. जेवढ्या भागाला प्लास्टर चढलं होतं, ते तडकू नये म्हणून ऊन उतरल्यावर त्यावर पाणी मारलं (आम्ही त्याला तराई म्हणतो), आणि मधे दोनदा चहा केला, त्यातला एक कप भोकातून पलीकडे दिला. मी मात्र खुश होतो. सिमेंट किती, रेती किती, माझी मजुरी किती, सगळं कळलं होतं. रेट तयार होता.

संध्याकाळी श्यामकांतभाऊ आले. बसायला जागा नव्हती, म्हणून उलट्या बादलीवर बसले. अर्धी भिंत ओली, अर्ध्या भिंतीत गुलाबराव. अशा घरातल्या माणसाला हॉल कोण देणार?

"बोला दयारामभैया, फुटामागे काय घ्याल?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात ते म्हणाले, की हॉलमधलं पहिलं लग्न त्यांच्या मुलीचंच व्हायचं आहे. झालं. माझा आकडा पायरी-पायरीने खाली उतरायला लागला. तो ओठांपर्यंत यायच्या आत शेवंता बोलली.

"थांबा. हॉलचा मलबा कोण उचलन?"

"तुमचेच लोक ना, दीदी."

"मंग त्याचे वेगळे. अन् तराई कोण करन?"

"ते तर प्लास्टरवाल्याच्या कामातच येते."

"कोन म्हनते? आज मी केली. माही कंबर विचारा."

"हव," भोकातून आवाज आला. "मी सकाळपासून पाहून राहिलो. बाई खाली बसली नाही. अन् शेजाऱ्याचा आरसा फुटला तर त्याचेही धरा."

मग शेवंता थांबलीच नाही. बांबूची परांची बांधायची, खिडक्या झाकायच्या, मजुरांचा चहा, सांडलेलं उचलायचं. दिवसभर तिने जे जे केलं होतं, ते एकेक करून श्यामकांतभाऊंच्या पुढ्यात ठेवलं आणि शेवटी फुटाचा रेट सांगितला. तो माझ्या रेटच्या दुपटीहून वर होता. (आकडा लिहीत नाही. लिहिला तर पाऱ्यातले, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातले, लोक उसने मागायला येतील.)

श्यामकांतभाऊ बादलीवरून उठले. मी मनातल्या मनात घमेलं शोधू लागलो.

"दीदी," ते सावकाश म्हणाले, "आतापर्यंत जो आला त्यानं कमी रेट सांगितला. अशाच एकानं माझं घर केलं होतं. अर्ध्यात काम थांबवून मलब्याचे मागितले, मग पाण्याचे मागितले. सगळं आधी सांगणारं कोणी पहिल्यांदाच भेटलं." आणि त्यांनी ॲडव्हान्स शेवंताच्या हातात दिला. भोकातून टाळ्या आल्या.

हॉल आम्ही केला. मी स्वतः थापी धरली, आणि भिंती अशा सरळ आल्या की ओळंबा लावायला आलेला इंजिनियर तो गुंडाळून परत गेला. लग्नाला आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. सगळे नवरीकडे बघत होते, शेवंता आणि मी भिंतीकडे. तिने हळूच माझ्या हातावर हात ठेवला. असं सुख मला कधी झालं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात उरल्याहून एक तरुण माणूस गोदामाच्या कामाचं विचारायला आला. मी अंगणात अवजारं धूत होतो. त्याने विचारलं, शेवंताबाई ठेकेदार इथेच राहतात का. मी मान हलवली आणि ती भाजी आणायला गेली आहे म्हणून सांगितलं. तो वाट पाहत उभा राहिला. वेळ जावा म्हणून माझी चौकशी करू लागला.

"चाचा, उनके यहाँ कब से काम कर रहे हो?"

मी नीट आठवून पाहिलं आणि जे खरं होतं ते सांगितलं.

"शादी हुई तब से."