एकट्या माणसाची भांडी

माझी भाची वैजयंता कुणाच्याही घरी गेली की चहा प्यायच्या आधी कप डोळ्याच्या वर उचलून त्याचं बूड बघते. चहा आत असतानाच. कन्हेरीला एका साखरपुड्यात तिनं असंच बूड बघितलं आणि निम्मा चहा नवरदेवाच्या चुलत्याच्या धोतरावर गेला. तो बिचारा उठून धोतर झटकतोय आणि ही त्याला सांगतेय, "बूड नीट घासलेलं नाही, म्हणून कप डुगडुगतो. तुमची चूक नाही." त्याची चूक कशी असेल? तो नुसता शेजारी बसला होता.

वैजू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीची मुलगी. राहायला बारामतीला. ती चौथीत असताना तिची आई गेली. बाप, म्हणजे माझा साडू, साखर कारखान्यात टाइमकीपर. त्याला माणसाच्या येण्याजाण्याची वेळ कळते, बाकी काही कळत नाही. मग सुट्टी लागली की पोरगी डाळजला आमच्याकडं. माझ्या बायकोनं तिला लाडावून ठेवली आणि स्वतः गेल्या मार्गशीर्षात निघून गेली. आता निस्तरायला मी.

बरं, ही शिकते काय? तर विद्यापीठात भांडी घडवायला. मी तिसरी पास माणूस, पहिल्यांदा मला ती चेष्टाच वाटली. कपबशी, बरणी, ताटली यांचा आकार कसा असावा, हातात कशा बसाव्यात, एका साच्यातनं एकसारख्या हजार कशा काढाव्यात, भट्टीत किती वेळ भाजाव्यात, ह्याची म्हणे पाच वर्षांची पदवी असते. विद्यापीठाचं नाव मी लिहीत नाही. त्यांनीही माझं नाव फाटकावरच्या वहीत धड लिहिलं नव्हतं.

आमच्या गावचा नामदेव पिढीजात कुंभार. तो म्हणाला, "तात्या, पोरीला माझ्याकडं धाडली आसती तर येका उन्हाळ्यात शिकवली आसती. वर दोन टाइम जेवान." मी ते वैजूला सांगितलं, तर खरंच त्याच्या चाकापाशी जाऊन बसली. तीन दिवस. त्याला विचारते, "काठ किती जाड ठेवता?"

"हाताला कळतंय की."

"पण हाताला किती मिलिमीटर कळतं?"

चौथ्या दिवशी नामदेव घरी आला. म्हणाला, "तात्या, हिला आवरा. मी दिसाला साठ गाडगी काढत व्हतो, आता इसावर आलोय. काठ धरला की वाटतंय, मिलिमीटर चुकला."

तिचं आणखी एक पालुपद आहे. "जरा धरून दाखवा." पिशवीत कायम ओल्या मातीच्या मुठी असतात. भेटेल त्याच्या हातात देते आणि बोटं कुठं उमटली ते बघते. भिगवणच्या गाडीत कंडक्टरला दिली. तो मूठ धरून, "आशी का? का आशी?" करत बसला आणि आमचा डाळजचा थांबा मागं पडला. दोन मैल मागं चालत आलो. मी शिव्या देत आणि ही कंडक्टरच्या अंगठ्याचा ठसा फुंकर घालत वाळवत.

मागं तिला एक स्थळ बघायला आलं होतं. चांगला मुलगा, ट्रॅक्टरच्या शोरूमात नोकरी. हिनं चहा दिला आणि समोर उकिडवी बसून त्याच्या बोटांकडं टक लावली. मुलगा लाजला. हिनं विचारलं, "कपाच्या कानात तुमची दोन बोटं जात नाहीत ना? पोळतं ना?" मुलगा म्हणाला, पोळतं. ही म्हणाली, "मला वाटलंच," आणि वही आणायला आत गेली ती अर्धा तास आली नाही. स्थळानं नंतर निरोपही धाडला नाही.

साडू तेव्हापासून पिसाळलेला. त्यात गेल्या साली शेवटच्या परीक्षेत तिला मागं ठेवली. मास्तर म्हणाले, काम सुबक आहे पण ते वापरणारा माणूस त्यात कुठं दिसत नाही. साडूनं मला भिगवणच्या एसटीडीवर बोलावून फोनवर सांगितलं, "ह्या साली पास झाली तर झाली. न्हायतर माती बंद. माळेगावचं येक ठिकान धरून ठिवलंय, बिजवर हाय, पर इचारत कायबी न्हाय." ही गोष्ट तिलाही ठाऊक होती. तिनं मला एवढंच सांगितलं, "काका, दोन महिने तुमच्याकडं राहायला येते. परीक्षेचं काम आहे."

मला वाटलं, बरं झालं. बायको जाऊन तीन महिने झाले होते, पोरगा चिंचवडला, दोन घास कुणी करून घालील. कसलं काय! हिला पोळी येत नाही. भात लावला तर तो वाडग्यातनं प्यावा लागतो. उलट मीच दोघांचं करायचो आणि ही चुलीपुढं बसून माझा हात कागदावर काढायची.

"आगं, भाजी हलव."

"काका, तसाच थांबा. मनगट हलवू नका."

"करपती की!"

"करपू दे."

विषय काय, तर 'एकट्या राहणाऱ्या माणसासाठी रोजची भांडी'. आणि एकटा माणूस म्हणजे मी. मी म्हणलं, तुला सगळ्या इंदापूर तालुक्यात दुसरा घावला न्हाय व्हय? तर म्हणते, "तुमच्यासारखा नाही." हे काय चांगलं बोलणं झालं? वहीत सगळं लिहायची. काका पाणी उजव्या हातानं घेतात. काका ताटलीत जेवतात, ताट घेत नाहीत. काका तीनदा खोकले. एकदा तर 'काका कुणाशी तरी बोलले, घरात कोणी नव्हतं' एवढं लिहून खोडलेलं मी बघितलं. मी वही तिच्या अंगावर फेकली. तिनं उचलून धूळ झटकली आणि तारीख टाकली.

धरणाच्या पाण्याकाठचा गाळ आणायची, दोन-दोन घमेली. तो भिजवायची, गाळायची, मळायची. त्याचे कप-वाडगे करून माझ्या बाजेवर गोणपाटाखाली ठेवायची. सावलीत. आठ-आठ दिवस. मी खाली जमिनीवर झोपायचो. एक दिवस ती बारामतीला गेलेली असताना मला तिची दया आली. परीक्षा जवळ आली होती आणि ही भांडी काही वाळेनात. आमच्याकडं कुरडई म्हणा, मिरची म्हणा, वाळवायचं ते उन्हात. मी सगळी भांडी पत्र्यावर नेऊन ओळीनं मांडली. चैत्राचं ऊन. वर पातळ फडकंही टाकलं, कावळे बसू नयेत म्हणून.

संध्याकाळी ती आली. एकवीस भांडी, एकवीस चिरा. काहींची तर बुडंच निसटून आली होती.

मला वाटलं, रडेल, भांडेल. मी तयारीत होतो. म्हणलं, "उनात वाळतंय समदं, मला काय म्हाईत!" तर ही भिंग काढून एकेक चीर बघत बसली. म्हणाली, "काका, कपांच्या सगळ्या चिरा कानाच्या बुडाशीच आहेत. तिथं माती जाड राहिली होती. बरं केलंत." बरं केलंत! मी तिची सगळी मेहनत घालवली, आणि बरं केलंत! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मग मीच पहाटे उठून तिला गाळ आणून द्यायला लागलो. तर म्हणायची, "हा नको, ह्यात वाळू आहे." परत टाकून या. माझ्या बापानं कधी मला एवढं राबवलं नव्हतं.

स्वतःची चूक म्हणाल तर तिला खपत नाही. नवे कप झाले, मला चांगले दिसले, तर म्हणाली काठ सूतभर जाड आहे. चौदा कप होते. चौदाच्या चौदा पुन्हा पाण्यात विरघळवले.

शेवटी सामान घेऊन ती विद्यापीठात गेली. तिथल्या भट्टीत भाजणार, झिलई देणार. परीक्षेच्या आदल्या दिवशी फोन आला. म्हणाली, "काका, या. ज्याच्यासाठी भांडी केली तो माणूस समोर असला तर चालतो. बाबा यायचे नाहीत." मी धुतलेलं धोतर नेसून गेलो.

मोठी खोली. तीन परीक्षक, त्यात मधोमध एक पिकल्या केसांच्या बाई. टेबलावर फडकं. वैजूनं ते काढलं. खरं सांगतो, मी ओळखलं नाही. राखेच्या रंगाची झिलई, त्यावर कुठं कुठं हिरवट झाक. एक ताटली, एक वाडगा, एक झाकणाचं भांडं, चहाची छोटी किटली आणि कप. कप दोन.

बाईंनी सगळं हातात घेऊन बघितलं. बूडही बघितलं. म्हटलं, तिकडचेही असलेच. मग त्यांनी वैजूची वही उघडली.

"विषय एकट्या माणसाचा. तुझ्याच नोंदीत रोज सकाळी लिहिलंय, चहा, एक कप. दोन महिने, एक कप. मग हा दुसरा कशाला?"

वैजू फडक्याची घडी घालत राहिली.

"पाहुण्यासाठी?"

"नाही, मॅडम."

"गेल्या वर्षी ह्याच मुद्द्यावर तुला थांबवलं होतं. वस्तू कुणासाठी हे सांगता आलं पाहिजे. बोल."

वैजूनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि खाली बघून म्हणाली, "चुकून झाला, मॅडम. एक जादा झाला."

बाईंनी पेन उचललं. मी मागं खुर्चीवर होतो. आता जे सांगतो ते मी पोराला सांगितलेलं नाही, गावातही कुणाला नाही. सकाळी चहाचं आधण ठेवताना माझा हात दोन कपांचं पाणी घेतो. बेचाळीस वर्षांची सवय. एक कप मी पितो. दुसरा बिनसाखरेचा, कारण बायकोला साखर होती. तो तिच्या जागी, चुलीच्या डाव्या अंगाला, झाकून ठेवतो आणि मोटर चालू करायला मळ्यात जातो. आधी आधी परत आलो की तो गार चहा कढीपत्त्याच्या बुडाशी ओतायचो. पण ह्या दोन महिन्यांत परत यायचो तेव्हा कप रिकामा असायचा. मांजर पीत असेल. मी बघितलं नाही. मुद्दामच बघितलं नाही. वैजू तेव्हा बाहेरच्या खोलीत वाकळ घेऊन झोपलेली असायची. मला वाटायचं, हिला काही ठाऊक नाही.

मी उठलो. "बाई, चुकून न्हाय. मोजून केलाय."

"आपण कोण?"

"ज्याची भांडी हायती तो." मग पुढचं सांगितलं. धड सांगता आलं नाही, मध्ये दोनदा थांबलो. बाईंनी पेन खाली ठेवलं. वहीतली पानं मागं-पुढं उलटली. वैजूला म्हणाल्या, "आणि नोंद खोटी केलीस?" वैजूनं मान डोलावली. त्यांनी आम्हाला बाहेर बसायला सांगितलं.

पास झाली. खोट्या नोंदीचे मार्क कापले, म्हणून दुसऱ्या वर्गात. कँटीनमध्ये आम्ही समोरासमोर बसलो, तर ही माझ्यावरच फुगलेली.

"तुम्हाला कुणी बोलायला सांगितलं होतं?"

"मग काय, बिजवराच्या घरी भाकऱ्या थापायला जातीस?"

"ते माझं मी बघितलं असतं. ते सांगायचं नव्हतं कुणाला."

मग नखानं टेबल खरवडत म्हणाली, "काका, मांजर नव्हतं. मी प्यायचे."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"पहिले आठ दिवस मला वाटलं, माझ्यासाठीच झाकून ठेवताय. मावशी ठेवायची तसा. मग तुम्हाला त्या जागेशी बोलताना ऐकलं आणि कळलं. पण तोवर सवय झाली होती. हॉस्टेलात कोण कुणासाठी चहा झाकून ठेवतं?"

"दोन म्हैनं बिनसाखरेचा प्यालीस?"

"वाईट लागायचा."

"आगं मग सांगायचं न्हाय व्हय? चमचाभर साखर घातली आसती."

"घातली असती," ती म्हणाली, "पण मग तो मावशीचा राहिला नसता."