शहापूरचा रंग कच्चा

पिराजीअण्णांनी पिवळ्या रंगाला कधी पिवळा म्हटलं नाही. त्यांच्याकडे पिवळ्याची सात नावं होती आणि गडदापासून फिक्यापर्यंत त्यांचा क्रम पक्का होता: काकवी, गूळ, झेंडू, हळद, केळं, तूप, खरवस. त्याच्या खाली पाणी, म्हणजे रंगच नाही. ही यादी माझ्या प्रयोगशाळेतल्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. मला यादीशिवाय काम सुचत नाही आणि अण्णांना यादी पाठ होती, म्हणून आमचं जमलं.

काळ ऐंशीच्या दशकातला. बेळगावच्या एका कॉलेजात आमची दोन खोल्यांची प्रयोगशाळा होती. मॅडम धारवाडकडच्या. त्यांना शोधायचं होतं, की उंदराला कमी प्रथिनांचं खाणं दिलं तर त्याच्या पेशींतले रायबोसोम कमी होतात का. रायबोसोम म्हणजे पेशीतली प्रथिनं बनवणारी यंत्रं, आणि ती यंत्रं स्वतःही थोडीफार प्रथिनांचीच असतात. त्यांतलं एक प्रथिन आम्ही मोजायचो. उंदराच्या यकृताचा बर्फात वाटलेला नमुना प्लास्टिकच्या ताटलीतल्या बारीक खळग्यांत घालायचा, मग त्या प्रथिनालाच नेमकी चिकटणारी प्रतिपिंडं घालायची, धुवायचं, मग रंगाचं औषध. प्रथिन जास्त तर पिवळा गडद, कमी तर फिका. पहिल्या ओळीत ठाऊक मापाची सात प्रमाणं आणि शेवटी कोरं पाणी. बाकीचे खळगे त्यांच्याशी ताडून बघायचे.

ताडून बघणारं मशीन येणार, येणार, असं मी नोकरीला लागल्यापासून ऐकत होते. तोवर अण्णांचा डोळा हेच मशीन.

हा डोळा तयार झाला निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत. तरुणपणी अण्णा तिथे पानं रंगाप्रमाणे निवडायचे. पुढे इथे बाटल्या धुवायला लागले. एकदा मॅडम दोन खळग्यांवर अडल्या, तेव्हा मागून जाता जाता अण्णा म्हणाले, "डावीकडचा गूळ, उजवीकडचा झेंडू. एक न्हवं ते." मॅडमनी प्रमाणाच्या ओळीशी ताडून पाहिलं, ते बरोबर निघालं. त्या दिवसापासून अण्णांना खिडकीजवळची खुर्ची मिळाली. त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलेलं त्यांना खपत नसे. मी एकदा वही ठेवली तर म्हणाले, "आक्का, ह्यो गाभारा हाय."

ताटलीला ते ताट म्हणायचे. "वाढा ताट," म्हणून डावा डोळा मिटायचे आणि सुरू करायचे, "पयला, हळद. दुसरा, केळं. तिसरा, हळदच, पर जरा कवळी." मी लिहीत जायची. संशोधनाचा सारांश त्यांनी एका वाक्यात केला होता. "उंदीर जेवला का न्हाय, येवढंच बगायचं की! त्याला इंग्रजी कशाला लागतंय?"

आमचं भांडण एकाच विषयावर. माझे वडील बेळगावातल्याच शहापूरला मागावर साड्या विणायचे, आणि अण्णांचं ठाम मत होतं की शहापूरचा रंग कच्चा.

"आमच्या घरात एक लुगडं हाय तुमच्या शहापूरचं. नवं होतं तवा काय रंग! आता पार पांढरंफटक."

"साबण बदला, अण्णा."

"साबण लागलाच न्हाय त्येला. ट्रंकेत हाय."

"मग उंदरांनी चाटलं असेल."

"उंदराला काय कळतंय रंगातलं?" असं म्हणून ते ताटाकडे वळायचे. हा संवाद आठवड्यातून एकदा तरी व्हायचा, बहुधा सोमवारी. शनिवारी ते बसने निपाणीला जायचे, सोमवारी परत यायचे आणि आल्या आल्या माझ्या वडिलांवर घसरायचे. घरी त्यांचं कोणी नव्हतं. बायको हौसाबाई जाऊन सात वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. बंद घराचं कुलूप काढायला दर आठवड्याला दोन तास बसमध्ये का बसायचं, हे मी विचारलं नाही. माझ्या यादीत तो प्रश्न नव्हता.

मग ते सहा खळगे आले.

अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांचं ताट होतं. अण्णांनी डोळा मिटला आणि ओळीने म्हणाले, "पाणी, पाणी, पाणी, पाणी, पाणी, पाणी."

मॅडम टेबलामागून उठल्या. "एनु अण्णा, काय हे? सहाही पाणी?"

"पाणी."

"म्हणजे या सहा उंदरांच्या पेशींत रायबोसोमच नाहीत?"

"न्हाईत."

"अहो, त्याच्याशिवाय प्राणी जगूच शकत नाही!"

"मग मेल्यालं आसतील, मॅडम."

"परवा पिंजऱ्यातून काढताना त्यातला एक माझ्या बोटाला चावला!"

"उपाशी हुता न्हवं. चावंल न्हाय तर काय करंल?"

मॅडम हसल्या, मीही हसले. मग मी ताटावर वाकले आणि माझं हसू थांबलं. सहाही खळग्यांत अगदी फिका, पण स्वच्छ पिवळा रंग होता. खरवस. अण्णांनी वर बघितलं नाही.

चहाच्या वेळी मी जुनी वही चाळली. नवरात्रापर्यंत प्रत्येक ताटात खरवस होता, कुठे चार, कुठे सात. नवरात्रानंतर तो फक्त प्रमाणाच्या ओळीत होता, आणि ती ओळ अण्णा तोंडपाठ म्हणायचे. बाकी सगळीकडे पाणी. चार महिने एक रंग आमच्या वहीतून गेला होता आणि मला, यादीवालीला, पत्ता नव्हता.

मी काचेच्या दोन नळ्या भरल्या. एकीत सातवं प्रमाण, दुसरीत नुसतं पाणी. त्या खिडकीत धरल्या.

"अण्णा, ह्यातली कुठली कुठली?"

ते बराच वेळ बघत राहिले. डावा डोळा मिटला, मग उजवा. "दोन्ही पाणीच की."

"एकीत खरवस आहे."

त्यांनी नळ्या हातात घेतल्या, फिरवल्या आणि परत दिल्या. "मॅडमना सांगनार?"

"सांगावं लागेल. चार महिन्यांची ताटं परत लावायची आहेत."

"मग झालं. खुर्ची गेली. बाटल्या धुवायला बसतो."

"आधी डोळे दाखवा. मोतीबिंदू असेल. काढतात हल्ली."

"काढतात, ठाव हाय." ते खुर्चीच्या हातावर बोट घासत राहिले. "आणि काढल्यावर रंग बदलला तर गं? ही नावं काय माझी न्हवंत, आक्का. हौसानं दिल्याली. वखारीत ती माझ्या म्होरं बसायची. पान उचललं की म्हणायची, ह्यो गूळ, ह्यो झेंडू. मी नुसता पाठ केलो. उद्या डोळा उघडला नि तिचा गूळ गूळच दिसला न्हाय, तर मी कुणाला इचारू?"

मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "नमुने बर्फात आहेत. परत लावू. अण्णांना सांगा, खुर्ची रिकामी ठेवते, पण डोळे करून यायचं."

अण्णा ऑपरेशनला मिरजेला गेले. ते नसताना ताटं मी वाचली. अख्खा महिना उभं राहून.

परत आले ते एका सोमवारी, निपाणीवरूनच. चष्म्याचं भिंग इतकं जाड, की त्यामागे डोळा लिंबाएवढा दिसत होता. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. खुर्चीकडे न जाता ते सरळ माझ्या टेबलाशी आले.

"हात धू, आक्का."

मी हात धुतले. त्यांनी कागद सोडला. आत लुगडं होतं, घडीवर घडी. काठावरून मी ओळखलं, आमच्याकडचं.

"लग्नातलं. तिनंच पसंत केल्यालं. एकदाच नेसली, मग म्हणाली ठिवून देऊ. ती गेल्यावर मी दर शनवारी ट्रंक उघडायचो. आधी रंग व्हता, मग उडत गेला, उडत गेला, पांढरं झालं. म्हटलं, ह्येबी चाललं." त्यांनी लुगडं माझ्यापुढे सरकवलं. "काल उघडलो. माझा इस्वास बसना. तू सांग, ह्यो कंचा?"

मी ते खिडकीत नेलं. उन्हात धरलं.

"खरवस," मी म्हणाले.

"व्हय न्हवं?" ते म्हणाले. मग चष्मा काढून त्यांनी सदऱ्याच्या टोकाने पुसला, बराच वेळ पुसला. "तुझ्या बाला सांग. रंग पक्का हाय म्हणावं. उगंच शिव्या घातलो."

"सांगते."

लुगड्याची घडी त्यांनी आधीच्याच मोडींवर घातली, कागदात बांधली आणि खुर्चीवर जाऊन बसले. "वाढा ताट."

त्या दिवशीच्या पानावर खरवस एकोणीस वेळा आहे. त्यातले दोन खरं तर तूप होते. ते मी दुसऱ्या दिवशी, अण्णा यायच्या आत, दुरुस्त केले.