इंदूआत्या पिस्तूल पास करते

कोणतीही खुर्ची आधी पालथी केल्याशिवाय इंदूआत्या तिच्यावर बसत नाही. मग ती दवाखान्यातली असो की लग्नाच्या हॉलमधली. चारही पाय हलवून बघायचे, मग एक तर "पास" म्हणून बसायचं, नाहीतर "नापास" म्हणून शेजारच्या माणसाला उठवून त्याची तपासायला घ्यायची. माझ्या लग्नात तिनं नापास केलेल्या खुर्चीत माझे सासरे बसलेले होते. ते उठले नाहीत. जेवणं व्हायच्या आत खुर्ची मोडली. सासरे अजून मला जबाबदार धरतात.

आत्या माझ्या वडिलांची चुलत बहीण. अंबरनाथच्या एका कारखान्यात शस्त्रांचे सुटे भाग तपासायच्या खात्यात तिची नोकरी झाली. तरुणपणी आलेली स्थळंही तिनं त्याच मापानं तपासली, असं आमच्याकडे म्हणतात. एकही पास झालं नाही. आता ती अंबरनाथलाच एकटी राहते आणि भाजीवाल्यांना छळते.

या आत्याकडे मी एक जुनं पिस्तूल घेऊन गेलो. पन्नाशीत डॉक्टरांनी मला खेळाचा सल्ला दिला. ज्यात धावावं लागत नाही असा एकच खेळ मला सापडला, तो म्हणजे नेमबाजी. बदलापूरच्या आमच्या क्लबात हौशी लोकांचा सामना व्हायचा होता आणि मी उतरणार असल्याचं कात्रपमधल्या आमच्या सोसायटीला, ऑफिसला आणि बायकोच्या भिशीला सांगून बसलो होतो. उल्हासनगरच्या एका दुकानात स्वस्तात पिस्तूल मिळालं. स्पर्धेचं, हवेच्या दाबावर छर्रा मारणारं, लायसन न लागणारं.

"साईं, एकदम कंडिशन में है," दुकानदार म्हणाला. "लेडी डॉक्टर चलाती थी, वो भी सिर्फ संडे को."

मी आत्याच्या स्वयंपाकघरात पिशवीतून पिस्तूल काढलं आणि कौतुकानं तिच्यापुढे धरलं. तिनं माझं मनगट असं पिरगाळलं, की नळी कोपऱ्यातल्या तांदळाच्या पोत्याकडे वळली.

"माणसाकडे धरतोस? आणि ते बोट काढ आधी!"

"अगं, रिकामं आहे."

"तू बघितलंस?"

"दुकानदार म्हणाला."

एवढ्यात फट् झालं. बोट काढता काढता घोडा चुकून दाबला गेला होता आणि आत कुणीतरी दाब भरून छर्रा ठेवून दिला होता. पोत्यातून तांदळाची बारीक धार लागली. आत्यानं त्या भोकाला पीठ मळायच्या परातीतला कणकेचा गोळा लावला.

"रिकाम्या पिस्तुलानंच माणसं जातात," ती म्हणाली. "नापास. आता हे इथं कपाटात राहील. मी पास म्हणेपर्यंत न्यायचं नाही."

झालं! माझ्या नेमबाजीची किल्ली आत्याच्या कमरेला गेली.

दर रविवारी तपासणी सुरू झाली. नियम असा, की घोड्याला अर्ध्या किलोचं वजन टांगलं तरी तो सुटता कामा नये. आत्यानं पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली, नुसता दाब भरला, नळी वर करून घोड्याला सुतळी बांधली आणि पाव किलो शेंगदाण्यांची पुडी लटकवली. खट्! घोडा सुटला.

"शेंगदाण्यांना नापास," आत्या म्हणाली. "नुसतं शिंकलास तरी सुटेल." मग तिनं आतला स्क्रू केसभर फिरवायचा, पुन्हा पुडी लावायची, असं करत करत घोडा रव्याच्या अर्ध्या किलोपर्यंत आणला. त्या रव्याचा शिराही झाला.

हवा धरून ठेवणारं रबरी वॉशर चिरलेलं निघालं. दुकानदारानं दिलेलं नवं वॉशर तिनं नखानं दाबून परत पाठवलं. दुसरंही पाठवलं. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "साईं, आपकी आत्या से मेरी बात मत कराना. मैं कंपनी का ओरिजिनल मंगवाता हूँ." मुठीचं लाकूड तिनं माझ्या पंज्यावर बेतून पॉलिश पेपरनं घासलं. नळी रिकामी आहे हे लांबूनही दिसावं म्हणून तिच्यातून परकराची पोपटी नाडी ओवली. क्लबात यासाठीची दोरी विकत मिळते, म्हटलं, तर "ती तुटते" म्हणाली.

या काळात माझा नेम तसाच राहिला, पोट वाढलं. तपासणीनंतर थालीपीठ, मग चहा, मग बालपणीचे माझे पराक्रम. "तू लहानपणीसुद्धा न बघता हात घालायचास," ती आनंदानं सांगायची. ऐकायला दुसरं कुणी नसल्यामुळे मलाच सांगायची.

सामन्याआधीच्या रविवारी मी दारातच म्हणालो, "आत्या, आज पास कर. नाहीतर भिशीच्या बायका मला सोडणार नाहीत."

आत्यानं पिस्तूल हातात घेतलं, मागचा नेम धरायचा भाग हलवला. "ढिला आहे. नापास."

मी पाहिलं. ढिला होताच. पण तो स्क्रू गेल्या रविवारी तिच्याच देखत मी आवळला होता. त्यानंतर पिस्तूल कपाटातून निघालं नव्हतं. स्क्रूच्या खाचेत पेचकसाचा ताजा, चकचकीत ओरखडा होता.

नोकरीभर जिनं साहेबाच्या सांगण्यावरूनही खोटा शेरा मारला नव्हता, ती आत्या माझ्याकडे न बघता ओट्यावरचं कापड घडी करत होती. घडी झालेलंच कापड पुन्हा घडी करत होती.

"ढिला आहे खरा," मी म्हणालो. "माझंच आवळणं कच्चं."

तिनं पेचकस घेतला. स्क्रू आवळला. बराच वेळ आवळला.

"ने," ती म्हणाली. "पास."

इतक्या हळू पास म्हणताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी थालीपीठ करायचंही ती विसरली.

सामन्याच्या दिवशी क्लबात पाहतो तर आत्या हजर. आयोजकांची खुर्ची पालथी घालून बघत होती. मी पोपटी नाडी काढली, श्वास रोखला आणि नेम धरला. माझ्या छर्ऱ्यांनी लक्ष्याचा काळा गोल सोडून बाकी सगळीकडे हजेरी लावली. एक तर शेजारच्या स्पर्धकाच्या कागदावर गेला. त्याच्या वाट्याचा तोच सगळ्यात चांगला निघाला, पण पंचांनी मोजला नाही.

भिशीच्या बायका खुदुखुदु हसत होत्या. मी मान खाली घालून आत्यापाशी गेलो.

"पिस्तूल कुठं अडकलं?"

"नाही."

"दाब कमी पडला? घोडा आपोआप सुटला?"

"नाही गं. सगळं चोख चाललं."

"म्हणजे पिस्तुलात दोष नाही." आत्यानं मला चपलांपासून टकलापर्यंत नीट न्याहाळलं. तिचा चेहरा मोठं काम हाती आल्यासारखा उजळला. "खांदा ढिला, मनगट ढिलं, पोट पुढं. तू पूर्णपणे नापास आहेस. याला वेळ लागणार."

"किती?"

"ते आत्ता कसं सांगू? उघडून बघावं लागेल," ती म्हणाली. "रविवारी ये. आणि येताना रवा आण, संपलाय."