रबरी पोटाचा पहिला ढेकर

"असा ढेकर देईल, असा ढेकर देईल, की छताचे पंखे उलटे फिरतील!" पोटवाल्या काकांनी आदल्या दिवशीच सगळीकडे सांगून ठेवलं होतं.

काका मुलांच्या विज्ञान संग्रहालयात कारागीर. शेंबूड, मळ, पादणं, ढेकर अशा सुगंधी विषयांच्या नव्या दालनासाठी त्यांनी माणसाएवढं रबरी पोट बनवलं होतं. वरून सोडा ओतायचा, दांडा हलवायचा, की वायू वर चढणार, झडप थरथरणार आणि ढेकर!

अडचण एकच, संचालिकाबाई! 'घाम' हा शब्दसुद्धा त्या रुमालात गुंडाळून उच्चारत. आज पोट पसंत पडलं नाही, तर त्या जागी 'दातांची निगा' येणार होती.

बाई जिने चढून धापा टाकत आल्या. पहिला ढेकर ऐकायला आलेली मुलं पोटाला चिकटूनच उभी होती.

"जरा पाणी मिळेल?"

"पाणी कशाला बाई? गार सोडा घ्या ना!" काकांनी लोणी लावलं. बाईंनी बाटली घटाघटा अर्धी केली.

आणि मग काकांना आठवलं. तो सोडा तर रबरी पोटाचा शिधा! आता बाटली हिसकावली तर नोकरी जायची. काकांनी मुकाट्याने साधं पाणी ओतलं, दांडा हलवला.

पोट ढिम्म! रुसलेल्या जावयासारखं.

"काका, ते उपाशी आहे का?" एका चष्मेवालीने विचारलं.

"थांब गं, पचतंय!"

बाईंनी घड्याळ पाहिलं. "मला वाटतं, दातांचंच..."

ढ्रर्रर्रऊऽऽप!

काचा शहारल्या. मुलं रबरी पोटाकडे बघून टाळ्या पिटू लागली. बाई टोमॅटो!

"पण आवाज मागून आला!" चष्मेवाली.

"स्पीकर मागे लावलाय," काकांनी ठोकून दिलं.

"हो, मीच सांगितलं होतं," बाई भिंतीला म्हणाल्या.

काकांना स्फुरण चढलं. "घाईने प्यायलं की सोड्यातल्या वायूबरोबर हवाही पोटात जाते. ती कोंडते, उसळून वर येते आणि घशातली झडप थरथरवते. त्यात लाजायचं काय? राजालाही येतो!"

"पुन्हा! पुन्हा!"

काका बाईंच्या कानाशी लागले. "दालन मंजूर ना? मग उरलेला सोडा द्या, पोटात ओततो."

बाईंनी बाटली छातीशी घट्ट धरली. नाचणाऱ्या मुलांकडे एकवार पाहिलं.

"दालन मंजूर. पण तुमच्या रबराला हा आवाज झेपायचा नाही!" म्हणाल्या, आणि बाटली तोंडाला लावली.