बाबा उलटे झाले, त्याची हकिकत

आईच्या शोकेसवर ठेवलेल्या डब्याचा हिरवा दिवा दर चार सेकंदांनी एकदा लुकलुकतो. मी घड्याळ लावून मोजलं आहे. वीसदा मोजलं, सरासरी चार पूर्णांक दोन शतांश आली. डब्यात नवी फाइल आली की दिवा भराभर फडफडतो, ती जागेवर ठेवून झाली की पुन्हा संथ. एकोणतीस वर्षं प्रयोगशाळेत काटे आणि दिवे बघण्यात गेल्यामुळे यंत्राचा चेहरा आपल्याला वाचता येतो, असा माझा समज होता.

त्या समजाच्या भरात, डबा बसवला त्या रविवारी मी भावाबहिणीला सांगितलं, "आठ दिवसांत आई स्वतःहून बोलेल. लिहून घ्या!"

आईनं काय बोलायचं होतं, ते आधी सांगते. बाबा जाऊन चार वर्षं झाली. आईचे गुडघे दुखतात, घराला एकोणीस पायऱ्या आहेत आणि आम्ही तिघं भावंडं (मी ताई, मग दादा, मग धाकटी) तीन गावांत. 'आई, आमच्याकडे ये' असं तिघांनीही तिला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. तेव्हापासून तिचं एकच उत्तर, "बघू." ताईकडे, दादाकडे की धाकटीकडे? "बघू!" पाऊस पडेल का, याचं उत्तरसुद्धा वेधशाळा याहून ठामपणे देते.

आमचं निदान असं की तिला बाबांचे फोटो सोडवत नाहीत. बाबा पुलांची तपासणी करायचे. तीस वर्षं नदीनाल्यांत उतरून त्यांनी पुलांचे फोटो काढले, मधूनमधून आमचेही. सगळ्या स्लाइड्स. रविवारी संध्याकाळी भिंतीवर चादर टांगून ते प्रोजेक्टर लावत. एखादी स्लाइड उलटी लागली की ती काढून सुलटी करेपर्यंत आम्हाला धीर नसे. आम्ही तिघं ओळीनं सतरंजीवर डोकं टेकवून पाय वर करायचो! बाबाही मग मुद्दाम घाई करत नसत.

त्या स्लाइड्सना बुरशी लागली. दुकानातून सगळ्यांची स्कॅन करून आणली, एक हजार एकशे शेहेचाळीस, आणि मूळ स्लाइड्स मी माझ्या हातांनी टाकून दिल्या. दुकानदारानं सरसकट स्कॅन केलेली, त्यामुळे निम्मे फोटो डोकं खाली, पाय वर, आणि क्रमाचा पत्ता नाही. म्हणून तो डबा आणला. बोलीभाषेत डबा, खरं नाव स्टोरेज सर्व्हर. फोटो त्यात राहतील, आईच्या टीव्हीवर एकामागून एक दिसतील, आणि डबा पिशवीत घालून ती कुठेही राहायला जाऊ शकेल!

या डब्याची खुबी म्हणजे प्लगइन. प्लगइन म्हणजे एकाच कामाला ठेवलेला गडी. फाइल आली की प्रत्येक गडी आपापलं काम करून 'झालं' म्हणतो. गड्यानं कुठल्या भाषेत विचार करायचा, याच्याशी डब्याला कर्तव्य नाही. सी, जावा, पायथन, काहीही चालतं.

"मग प्रश्नच मिटला," दादा म्हणाला. "सगळं जावात लिहू."

दादा विमानतळावर सामानाच्या पट्ट्यांचे प्रोग्रॅम लिहितो. त्याला जग म्हणजे एक पट्टा आणि माणसं म्हणजे बॅगा दिसतात.

"जावा? तीन ओळींच्या कामाला तीस ओळींची प्रस्तावना?" धाकटी शाळेत संगणक शिकवते. "पायथन घे. माझी सातवीतली पोरं लिहितात."

"म्हणूनच नको. ताई, तुझं काय?"

"फोरट्रान," मी म्हणाले.

मी माहेरचं एखादं जुनं भांडं बाहेर काढल्यासारखे दोघं माझ्याकडे बघायला लागले.

"ताई, ती भाषा अजून जिवंत आहे?"

"तुमच्या दोघांच्या आधीपासून आहे आणि नंतरही राहील."

शेवटी ठरलं की ज्यानं त्यानं आपल्या भाषेत, आपल्या घरी, आपलं काम करावं. एकमेकांशी बोलायची गरजच नाही! हा त्या डब्याचा सर्वांत मोठा गुण आहे, असं आमचं तिघांचं एकमत झालं. आयुष्यात पहिल्यांदाच.

मी फोटो सुलटे करणारं प्लगइन लिहिलं. नियम सोपा: फोटोतली उजेडाची बाजू म्हणजे आकाश, आकाश वर हवं. उजेड खाली दिसला की फोटो फिरवायचा. दादानं नोंदीचं लिहिलं: आलेल्या प्रत्येक फोटोच्या खाली पांढरी पट्टी आणि तिच्यावर क्रमांक आणि तारीख. धाकटीनं सारख्याच दिसणाऱ्या दोन फोटोंतला जुना पुसून टाकणारं लिहिलं, आणि वर हौसेनं एक भर घातली. नवा फोटो आला की घरच्या ग्रुपवर निरोप, 'बाबांचा नवा फोटो आला!' तिघांनीही घरी तीन-तीन फोटोंवर चाचणी घेतली. तिघांचीही उत्तम पार पडली.

रविवारी सगळं डब्यात बसवलं, आईकडेच जेवलो, तिथेच राहिलो. सोमवारी सकाळी नऊला कळ दाबून मी वाण्याकडे गेले. साडेनऊला आईचा फोन.

"ताई, तुझे बाबा उलटे झालेत."

"एखादा राहिला असेल गं. होईल सुलटा."

"झाले सुलटे. आता परत उलटे झाले. परत सुलटे. अगं, त्यांना चक्कर येईल!"

मी पिशवी तिथेच ठेवून धावले. टीव्हीवर बाबा पुलाच्या कठड्याला टेकून उभे होते, मग डोक्यावर, मग परत पायांवर. दर फेरीला फोटो थोडा लहान होत होता आणि वरून-खालून पांढऱ्या पट्ट्या चढत होत्या. कमरेपर्यंत बाबा गेले होते! डब्याचा दिवा फडफडणं सोडून सलग जळत होता. यंत्राचा असा चेहरा मी एकोणतीस वर्षांत पाहिला नव्हता.

"दादा, तुझ्या पट्ट्या!"

"माझ्या पट्ट्या बरोबर आहेत. तू बाबांना फिरवतेस कशाला?"

"खाली पांढरं दिसलं की फिरणारच! आणि तारीख कुठली घातलीस? बाबांच्या लग्नाच्या फोटोवर आजची तारीख?"

"सामान पोचतं त्या दिवसाचीच तारीख असते, ताई."

"बाबा सामान आहेत का?"

इतक्यात धाकटी आतल्या खोलीतून पांढरीफटक होऊन आली. "ग्रुपवर किती जण आहेत आपल्या?"

"बेचाळीस. का?"

"प्रत्येकाला तेवीसशे निरोप गेलेत."

फोन सुरू झाले. मावशीनं विचारलं, नवा फोटो म्हणजे काय, काढला कोणी? एका चुलतभावानं फक्त 'नमस्कार' लिहून ग्रुप सोडला. मामांनी प्रत्येक निरोपाला हात जोडल्याचं चित्र पाठवलं, आणि थकल्यावर लिहिलं, 'भावजींना सांगा, आता पुरे.'

अकराच्या सुमारास आत्या दारात. बाबांची धाकटी बहीण. पलीकडच्या गावात एकटी राहते. एकोणीस पायऱ्या चढून धापा टाकत म्हणाली, "अण्णाचा नवा फोटो आला म्हणे! एकदा आला, वाटलं चूक असेल. तीनशेवेळा आल्यावर मी बस पकडली. माझा मोबाइल थरथरून थरथरून टेबलावरून पडला गं वहिनी!"

"बसा वन्सं," आई म्हणाली. "इथे मुलं तुमच्या भावाला गरगर फिरवतायत."

आत्या पाणी प्यायली आणि तिनं आमची तिघांची साक्ष एकामागून एक ऐकली. विमा कंपनीत चौकशी विभागात होती ती. ऐकून म्हणाली, "म्हणजे हा चिठ्ठी लावतो. चिठ्ठी लावली म्हणून ही उलटं करते. उलटं केलेला नवाच फोटो समजून हा परत चिठ्ठी लावतो. आणि ही धाकटी गावभर सांगत सुटते! अगं, सहा वर्षांचे होतात तेव्हा असेच होतात की तुम्ही!"

दादानं जावा, मी फोरट्रान आणि धाकटीनं पायथन, असे तीन लॅपटॉप उघडून आम्ही आपापला दोष दुसऱ्याच्या भाषेत शोधायला बसलो. टीव्हीवर बाबांचा फक्त हसरा चेहरा उरला होता, दोन भिंतींतल्या फटीतून डोकावल्यासारखा.

"हा डबा बंद का नाही करत?" आईनं विचारलं.

"असा मध्येच नाही करता येत, आई! लिहिणं चालू असताना वीज गेली तर सगळंच..."

आईनं शोकेसमागे हात घातला आणि पिन उपसली.

टीव्ही काळा झाला. तेव्हा मला आठवलं की स्लाइड्स आता कुठेच नाहीत. कचऱ्याच्या पिशवीची गाठ मी मारली होती, दोनदा. दुसरी प्रत दादाच्या घरी ठेवलेल्या तशाच डब्यात होती खरी. पण तो दर तासाला या डब्याची नक्कल करतो, इमानेइतबारे, घोळासकट.

"स्लाइड्स आहेत ना गं कुठे?" आईनं हळूच विचारलं.

"नाहीत. मी टाकल्या," मी म्हणाले. "विचारायला हवं होतं तुला."

आई पदरानं शोकेसवरची धूळ पुसत राहिली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

डबा पुन्हा सुरू केला, या वेळी तिन्ही गडी रजेवर पाठवून. धाकटी खाली मान घालून शोधत होती. दहा मिनिटांनी म्हणाली, "ताई, मला पुसायला जिवावर आलं होतं."

"म्हणजे?"

"जुना फोटो पुसायचा, असं ठरलं होतं ना? माझ्या हातून ती ओळ लिहवेना. बाबांचे फोटो होते. म्हणून मी ते नुसते एका टोपलीत टाकत होते."

टोपलीच्या तळाशी सगळे होते. एक हजार एकशे शेहेचाळीस. मी तीनदा मोजले. दुकानातून आले होते तसेच: निम्मे उलटे, बिनतारखेचे, बिनक्रमाचे. अडीच महिन्यांच्या प्रोग्रॅमिंगनंतर आम्ही अचूक तिथेच पोचलो होतो जिथून निघालो!

"लावा टीव्हीवर," आई म्हणाली. "मी सांगते."

पहिला पूल आला. वर अंधार, खाली लख्ख उजेड.

"हा उलटा," मी लगेच म्हणाले.

"सुलटा आहे. पुलाच्या पोटाखालून काढलाय. खालचं पाणी चमकतंय ते. आकाश कुठलं?" आईनं माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या प्रोग्रॅमनं पूलही उलटेच केले असणार सगळे."

केले होते. ते मी कोणाला सांगितलं नाही. आजच लिहिते आहे.

"याच पुलाखाली माझी छत्री वाहून गेली. ताई पोटात होती."

"आणि अण्णा छत्रीमागे पाण्यात उतरला," आत्या म्हणाली. "छत्री मिळाली नाही. चप्पल गेली!"

"चप्पल तुमची होती वन्सं, त्यांनी घालून नेलेली."

"तरीच! पंचावन्न वर्षं मी मोलकरणीवर संशय घेतेय!"

दोघी हसून हसून आडव्या झाल्या. आई सांगत होती, आत्या दुरुस्त करत होती, धाकटी फिरवत होती, दादा तारखा टंकत होता. मला काम नव्हतं. मी चहा केला. सोमवार गेला, मंगळवार गेला. मधूनच आत्या म्हणायची, "हा नाही गं, हा त्या वर्षीचा, ज्या वर्षी तुम्ही माझ्याशी बोलत नव्हतात." आई म्हणायची, "तुम्ही बोलत नव्हतात." मग दोघी मिळून कारण आठवत बसायच्या आणि ते सापडायचं नाही.

बुधवारी दुपारी शेवटचा फोटो लागला. तारीख, क्रम, दिशा, सगळं चोख. दादानं हात झटकले.

"चला! आई, आता सगळं या डब्यात आहे. दोन वर्षं झाली. सांगून टाक, कोणाकडे येतेस?"

"माझ्याकडे जिना नाही," धाकटी म्हणाली.

"माझ्याकडे वेळच वेळ आहे," मी म्हणाले.

आईनं चष्मा काढला आणि आत्याकडे पाहिलं. "वन्सं, तुम्ही सांगता?"

"तुमचं घर, तुम्हीच सांगा वहिनी."

"बरं." आई सरळ होऊन बसली. "एकाकडे गेले तर दोघं रुसणार, म्हणून 'बघू' म्हणत होते. आता बघून झालं. मी इथेच राहणार, आणि वन्सं माझ्याकडे राहायला येतायत. तुम्ही तिघं या अधूनमधून. पण येण्याआधी एकमेकांशी बोलत जा!"